काटा आणि आकडा

सुरतेच्या महिधरपुऱ्यातील हिरेबाजारात पूर्वी हिरा तोलावयाचा म्हणजे नाजूक तराजू पेटीतून बाहेर निघे, दांडी स्थिर होण्याची वाट पाहिली जाई आणि मगच सौद्याची भाषा सुरू होई. आज तेथे तळहातावर मावतील असे विद्युत्-तराजू आले आहेत. हिरा ठेवताच कॅरटचे आकडे उमटतात. मौज अशी, की दांडी गेली, पारडी गेली, तरी त्या यंत्राचे नाव लोकांच्या तोंडी 'काटा' असेच राहिले आहे. विजेच्या मापकांच्या बाबतीतही असेच स्थित्यंतर झाले. तथापि तेथे काटा अजून पुरता हद्दपार झालेला नाही, आणि त्याला सबळ कारणे आहेत. ती कारणे समजून घेणे हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेली असंख्य मराठी कुटुंबे आहेत. यंत्रमागांच्या आणि एम्ब्रॉयडरीच्या यंत्रांच्या सहवासात वाढलेल्या तेथील मुलांना बिघडलेला पंखा उघडून पाहण्याची, जुन्या रेडिओला पुन्हा बोलते करण्याची ओढ लागली, तर त्यात नवल नाही. असा मुलगा मल्टिमीटर घ्यावयास दुकानात गेला, की त्याच्यापुढे दोन वस्तू येतात. एकीवर अर्धवर्तुळाकार पट्ट्यांवरून फिरणारा काटा असतो, दुसरीवर काचेआड आकडे असतात. दोन्ही मापके दाब, प्रवाह व रोध ही तीन परिमाणे मोजतात. मग फरक तो काय?

प्रथम काट्याचे मापक पाहू. कायम चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये बारीक तांब्याच्या तारेचे एक हलके वेटोळे तोलून धरलेले असते. त्यातून प्रवाह गेला, की वेटोळे स्वतः चुंबकासारखे वागू लागते आणि फिरू पाहते. केसासारख्या बारीक दोन स्प्रिंगा त्याला मागे ओढतात. ही ओढाताण जेथे समसमान होते, तेथे वेटोळ्याला जोडलेला काटा थांबतो. प्रवाह जितका अधिक, तितका काटा पुढे. तारेतून प्रवाह सोडताच जवळची चुंबकसूची वळते, ही गोष्ट हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखवून दिली होती. फिरत्या वेटोळ्याची रचना फ्रान्समध्ये दार्सोनव्हाल व देप्रे यांनी १८८२ साली पुढे आणली. पुढे १८८८ साली एडवर्ड वेस्टन यांनी तिला हातात धरून नेता येईल असे टिकाऊ रूप दिले. ब्रिटिश पोस्ट खात्यातील डोनाल्ड मॅकॅडी या अभियंत्यास तारयंत्राच्या व टेलिफोनच्या दुरुस्तीसाठी अनेक मापके वागवावी लागत. त्याला कंटाळून त्यांनी अँपिअर, व्होल्ट व ओहम ही तिन्ही एकाच पेटीत मोजण्याची युक्ती काढली, आणि १९२३ साली 'अ‍ॅव्होमीटर' बाजारात आला. त्याच्या नावातील अक्षरे याच तीन एककांची आहेत. आपण ज्यास मल्टिमीटर म्हणतो त्याचा हा पूर्वज होय.

आकडी मापकात हलणारे असे काहीच नाही. त्याची रीत एका दृष्टान्ताने स्पष्ट होईल. एका नळाची धार किती मोठी आहे हे आपणांस ठाऊक नाही. तो नळ ठरावीक दहा सेकंद रिकाम्या बादलीत सोडला. मग बादलीच्या बुडाशी असलेल्या, ठरावीक वेगाने वाहणाऱ्या भोकावाटे ती रिकामी होऊ दिली आणि रिकामी होण्यास किती सेकंद लागले ते मोजले. धार मोठी असेल तर सेकंद अधिक लागतील, लहान असेल तर कमी. मापकातील बादली म्हणजे एक लहानसा कंडेन्सर, सेकंद मोजणारे घड्याळ म्हणजे एक कंपक, आणि शेवटी काचेवर दिसतात ते मोजलेले ठोके. पहिला आकडी व्होल्टमीटर अमेरिकेत अँड्र्यू के यांनी १९५० च्या दशकात बनविला. तो टेबलावर ठेवावयाचा असून महागही होता. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही सारी मोजणी एकाच आयसीत बसू लागली आणि मापक खिशात आले. साध्या मापकातील आयसी सेकंदास सुमारे तीन वेळा ही बादली भरते आणि रिकामी करते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडेल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मोजणारा आणि मोजली जाणारी वस्तू ही दोन अगदी अलिप्त असतात, असा आपला समज असतो. वस्तुतः मापक जोडले, की ते त्या मंडलाचा एक भाग बनते. काटा हलविण्यास शक्ती लागते आणि ती शक्ती मंडलातूनच घ्यावी लागते. काट्याच्या चांगल्या मल्टिमीटरवर 'वीस हजार ओहम प्रतिव्होल्ट' असे लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ असा, की काटा पट्टीच्या टोकापर्यंत नेण्यास एका अँपिअरचा वीस हजारावा भाग एवढा प्रवाह लागतो, आणि दहा व्होल्टच्या रेंजवर ते मापक दोन लाख ओहमांच्या रोधासारखे वागते. आकडी मापकाचा अंतर्गत रोध बहुधा एक कोट ओहम असतो. अगदी स्वस्त मापकांत तो दहा लाखही असतो.

याचा परिणाम उदाहरणाने पाहू. दहा लाख ओहमांचे दोन रोधक एकामागून एक जोडून त्यांच्या टोकांना दहा व्होल्टचा दाब दिला, तर मधल्या सांध्यावर पाच व्होल्ट असले पाहिजेत. तेथे एक कोट ओहमांचे आकडी मापक लावले तर ते ४.७६ व्होल्ट दाखवील. दहा लाख ओहमांचे स्वस्त आकडी मापक ३.३३ दाखवील. आणि काट्याचे मापक दहाच्या रेंजवर लावले, तर काटा १.४३ च्या आसपास थांबेल. यांपैकी एकही मापक बिघडलेले नाही आणि एकही खोटे बोलत नाही. आपण जोडल्यानंतर तेथे जो दाब उरला तोच प्रत्येकाने सांगितला. म्हणून ज्यांत मोठे रोध असतात अशा नाजूक इलेक्ट्रॉनिक मंडलांत आकडी मापकच हाती घ्यावे. तेथे काट्याला जागा नाही.

परंतु याच गुणाची दुसरी बाजू आहे, आणि ती घराच्या वायरिंगमध्ये दिसते. एकाच पाइपातून दोन तारा गेल्या आहेत. एक चालू आहे, दुसरी दोन्ही टोकांना सुटी आहे. त्या दोन तारा शेजारी शेजारी असल्यामुळे त्यांचा मिळून एक लांबट कंडेन्सर बनतो व त्यातून अत्यंत क्षीण प्रवाह सुट्या तारेत उतरतो. आकडी मापक जवळजवळ काहीच प्रवाह घेत नसल्यामुळे त्यास हा क्षीण झरासुद्धा पुरतो, आणि ते त्या तारेवर ऐंशी, शंभर किंवा त्याहूनही अधिक व्होल्ट दाखविते. कारागीर यास भुताटकीचा दाब म्हणतात. काट्याचे मापक त्या तारेतून अधिक प्रवाह ओढते, म्हणून हा पोकळ दाब तेथे बराचसा कोसळतो. एका मंडलात जो काट्याचा दोष ठरला, तोच दुसऱ्या मंडलात त्याचा गुण ठरतो.

येथे केवळ सोयीचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न आहे. भुताटकीच्या दाबाने फसून एखादा हौशी चांगले वायरिंग उखडून पाहील, तर त्यात वेळ व पैसा जाईल एवढेच. परंतु दोनचार वेळा असे फसल्यावर 'मीटर असेच काहीबाही दाखविते' असे त्याच्या मनाने घेतले, आणि एके दिवशी खरोखरच चालू असलेली तार त्याने भुताटकी समजून हातात धरली, तर ती चूक सुधारण्याची संधी त्यास मिळेलच असे नाही. म्हणून नियम असा ठेवावा, की मापकाने दाखविलेला दाब खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत तो खराच मानावा. सिद्ध करण्याचा मार्ग म्हणजे कमी रोधाने पुन्हा मोजणे. काही नव्या आकडी मापकांत यासाठी 'लो-झेड' नावाची वेगळी रेंज असते. ती लावताच भूत नाहीसे होते आणि खरा दाब मात्र जागचा हलत नाही. खिशातील निऑनच्या टेस्टरवर या कामी विसंबू नये. तो तर इतक्या अल्प प्रवाहाने पेटतो, की या बाबतीत तो आकडी मापकाचाच भाऊ होय.

आता अचूकतेविषयी. काट्याच्या मापकाची चूक त्या रेंजच्या पूर्ण मापाच्या प्रमाणात सांगितली जाते. २५० व्होल्टच्या रेंजवर तीन टक्के चूक म्हणजे साडेसात व्होल्ट, मग काटा कोठेही असो. २३० व्होल्ट मोजताना ती क्षुल्लक आहे. पण त्याच रेंजवर २५ व्होल्ट मोजले, तर साडेसात व्होल्ट म्हणजे तीस टक्के झाले. म्हणून काटा पट्टीच्या पुढील अर्ध्यात येईल अशी रेंज निवडावी, आणि पट्टीखाली आरसा असेल तर काटा व त्याचे प्रतिबिंब एकावर एक दिसेल अशा बेताने डोळा धरावा. आकडी मापकात डोळ्याची चूक होत नाही. परंतु तेथे निराळा मोह आहे. पडद्यावर ५.००, ५.०१ असे आकडे दिसले, की व्होल्टच्या शतांशापर्यंत सारे खरे आहे असे वाटते. अर्धा टक्का अधिक शेवटच्या स्थानाचे दोन अंक, अशी चूक त्या मापकाच्या पुस्तिकेत लिहिलेली असेल, तर पाच व्होल्टला ती साडेचार शतांश व्होल्ट होते. किती बारीक दिसते आणि किती खरे असते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

जे परिमाण स्थिर नाही, ते मोजताना काट्याचे खरे महत्त्व कळते. सेकंदास तीन वेळा मोजणाऱ्या आकडी मापकापुढे डळमळता दाब आला, की पडद्यावर आकड्यांची नुसती धावपळ होते. वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. काटा मात्र चढला की उतरला, सावकाश की झटक्याने, हे नजरेच्या एका कटाक्षात सांगतो. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणात खरखर आहे काय, हे पाहावयाचे असेल तर ओहमच्या रेंजवर काट्याचे मापक लावून बटण हळूहळू फिरवावे. काटा सरळ सरकत गेला तर बटण ठीक. मध्येच त्याने उडी मारली तर नेमकी तेथेच पट्टी झिजली आहे. मोठा कंडेन्सर तपासतानाही तसेच. वीज बंद करून, कंडेन्सरमधील साठा योग्य रोधकातून रिकामा करून, ओहमची रेंज लावली, की काटा शून्याकडे झेपावतो व सावकाश मागे येतो. झेपावलाच नाही तर कंडेन्सर आतून तुटला आहे. परत आलाच नाही तर तो शॉर्ट झाला आहे. वाटेतच थांबला तर तो गळतो आहे.

याउलट छताचा पंखा मंद फिरत असेल, तर त्याच्या कंडेन्सरविषयी काटा फारसे सांगू शकणार नाही. तो बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा असतो आणि त्याची झेप काट्यावर जेमतेम दिसते. तेथे कपॅसिटन्स मोजणारे आकडी मापक लावून अडीचच्या जागी दीडच उरले आहेत असे कळले, म्हणजे निदान झाले. कोणते मापक श्रेष्ठ, हा प्रश्नच म्हणून अपुरा आहे. आपण विचारतो आहो ते 'किती' आहे की 'कसे बदलते' आहे, हे आधी ठरवावे.

रोध मोजताना तीन गोष्टी ध्यानी धराव्या. काट्याच्या मापकात ओहमची पट्टी उलटी असते, शून्य उजवीकडे असतो, आणि आतील सेल उतरत जात असल्यामुळे प्रत्येक वेळी दोन्ही टोके एकमेकांस टेकवून शून्य जुळवावा लागतो. दुसरे असे, की अशा बहुतेक मापकांत ओहमच्या रेंजवर काळ्या तारेवर धन दाब असतो, तर आकडी मापकात तो तांबड्या तारेवर असतो. हे ठाऊक नसेल, तर चांगला डायोड उलटा वाटतो. तिसरे असे, की मल्टिमीटरने इन्सुलेशनची परीक्षा होत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा पुरानंतर भिजलेली मोटार वाळल्यासारखी दिसते, आणि मल्टिमीटर काही व्होल्टच्या दाबाने तपासून ती निर्दोष ठरवितो. तीच मोटार २३० व्होल्टच्या दाबाखाली आपल्या लोखंडी कवचात वीज उतरवू शकते. हे काम पाचशे व्होल्ट लावून तपासणाऱ्या मेगरचे आहे. काटा असो वा आकडा, मल्टिमीटरचा 'ठीक आहे' हा निर्वाळा येथे ग्राह्य धरू नये.

फसगतीची आणखी एक जागा इन्व्हर्टरची. काट्याचे मापक व साधे आकडी मापक दोन्ही प्रत्यावर्ती दाबाची सरासरी घेतात आणि लाट गुळगुळीत ज्या-वक्राची आहे असे गृहीत धरून तीस १.११ ने गुणतात. चौकोनी लाट देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर हे गृहीत चुकते, आणि खरे २३० व्होल्ट असताना मापक २५५ च्या घरात दाखविते. 'ट्रू आरएमएस' असे लिहिलेले आकडी मापक ही चूक करीत नाही. मोटारींचा वेग इलेक्ट्रॉनिक साधनांनी आवरणाऱ्या यंत्रांजवळ काम करणाऱ्याने त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावे.

सर्वांत गंभीर धोका मात्र दोन्ही मापकांना समान आहे. प्रवाह मोजण्यासाठी तांबडी तार दहा अँपिअरच्या छिद्रात घातली, काम झाले, आणि ती तेथेच राहिली. दुसऱ्या दिवशी त्याच मापकाने प्लगमधील दाब मोजावयास घेतला, तर मापक म्हणजे दोन तारांमधला नुसता शॉर्ट होतो. अनेक स्वस्त मापकांत त्या छिद्रामागे फ्यूजही नसतो, आणि तसे त्यांवर लिहिलेलेही असते. मग ठिणगी मापकाच्या आतच उडते, आणि मापक हातात असते. म्हणून प्रवाह मोजून होताच तार जागेवर आणण्याची सवय लावावी, आणि ओहमची रेंज चालू मंडलाला कधीही लावू नये. घरातील विजेवर काम करावयाचे असल्यास मापकावरील 'कॅट' ही श्रेणी पाहावी. भिंतीतील प्लगवर चालणाऱ्या उपकरणांसाठी कॅट दोन, तर इमारतीच्या वितरण-फलकासाठी कॅट तीन. ज्या मापकावर श्रेणी विश्वासार्ह रीतीने छापलेली नाही, ते बॅटरीवरील प्रयोगांपुरतेच ठेवावे.

मग नवशिक्याने काय घ्यावे? एकच घेणे शक्य असेल, तर मध्यम किमतीचे, आत योग्य फ्यूज असलेले आकडी मापक घ्यावे. उलटी जोडणी झाली तर ते नुसते ऋणचिन्ह दाखविते, काटा वाकत नाही. आणि नाजूक मंडलांत ते कमी ढवळाढवळ करते. त्याची बॅटरी मात्र वेळेवर बदलावी, कारण उतरलेल्या बॅटरीवर काही मापके बंद न पडता चुकीचे आकडे देत राहतात. काट्याच्या मापकास दाब व प्रवाह मोजण्यासाठी बॅटरी लागतच नाही, हा त्याचा जुना आणि टिकाऊ गुण आहे. पुढे हात बसल्यावर एक काट्याचे मापकही जवळ करावे. महाराष्ट्रात नाशिक हे मापकांच्या धंद्याचे एक ठिकाण आहे. मोटवाने यांचे मल्टिमीटर तेथलेच, आणि १९८२ साली स्थापन झालेली रिषभ इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनीही तेथलीच. फलकांवर बसविण्याची काट्याची मापके आणि आकडी मापके दोन्ही ती बनविते. फलकासमोरून जाताना कामगारास आकडा वाचण्याची गरज नसते. काटा नेहमीच्या जागी आहे एवढे दिसले, की पुरते.

शेवटी एक रीत सांगून हे भाषण पुरे करतो. कोणतेही मापक असो, ती सारखीच उपयोगी आहे. तार निर्जीव आहे असे ठरविण्यापूर्वी मापक प्रथम चालू असल्याचे ठाऊक असलेल्या जागी लावून पाहावे. मग संशयित तार तपासावी. आणि त्यानंतर पुन्हा त्याच चालू जागी मापक लावून ते अद्याप बोलते आहे याची खातरी करावी. मधल्या तपासणीत शून्य आला, तर तो तारेचा शून्य आहे की तुटलेल्या प्रोबचा, हे ओळखण्यास याहून सोपा उपाय नाही. या तिन्ही पायऱ्यांस मिळून एक मिनिटही लागत नाही. आणि ती पूर्ण झाल्यावाचून पक्कड उचलू नये.